एका डोळ्याचा सर्टोरियस

ग्रीक-रोमन सेनापती म्हटलं की आपल्याकडं अलेक्झांडर आणि सीझर, झालं, संपली यादी. मला मात्र सध्या झपाटलंय ते क्विंटस सर्टोरियसनं. बेळगाव-खानापूर भागात ज्याला ज्याला गडकिल्ल्यांचं वेड आहे त्यानं हा माणूस वाचायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. दिवाळीत मातीचे किल्ले करून आणि येळ्ळूरचा गड चढून वाढलेल्या पोरांना गनिमी कावा वेगळा समजावून सांगावा लागत नाही, खरं हाच कावा शिवरायांच्या जवळजवळ १७०० वर्षं आधी स्पेनच्या डोंगरात एक रोमन माणूस रोमन फौजांविरुद्धच खेळत होता, हे किती जणांना माहीत आहे?

बाप लवकर गेला, आईनं वाढवलं. इ.स.पू. १०५ मध्ये अरौसिओला (आजच्या दक्षिण फ्रान्समध्ये) रोमन फौजेची वाताहत झाली, तिथं हा जखमी, घोडा गेलेला, तरी अंगात चिलखत आणि हातात ढाल तशीच ठेवून रोन नदी पोहून पार झाला. पुढं मारियस ह्या रोमन सेनापतीच्या हाताखाली असताना गॉल लोकांसारखे कपडे घालून, त्यांची भाषा कामापुरती शिकून थेट शत्रूच्या तळात जाऊन बातम्या काढून आला. एका लढाईत डोळा गेला तर म्हणायचा, बाकीचे आपली पदकं काढून ठेवतात, माझं मात्र कायम माझ्याजवळ असतं.

मग मारियस आणि दुसरा रोमन सेनापती सुल्ला ह्यांचं आपसातलं युद्ध लागलं, ह्याची म्हणजे मारियसची बाजू हरली. स्पेन, तिथून आफ्रिका असं पळत फिरावं लागलं, आणि इ.स.पू. ८० मध्ये लुसितानियाच्या लोकांनी (म्हणजे आजच्या पोर्तुगालच्या बाजूचे) निरोप धाडला की तुम्ही या आणि आमचं पुढारपण करा. २,६०० माणसं घेऊन हा समुद्र ओलांडून गेला आणि पुढची सात-आठ वर्षं रोमला झोप लागू दिली नाही.

मेटेल्लससारखा जाणता रोमन सेनापती समोर, त्याची फौज जड, शिस्तीची, मैदानात उभी ठाकून लढणारी, आणि ह्याची माणसं हलकी, डोंगरातली, चूल न पेटवता दिवस काढणारी. मेटेल्लसनं एका गावाला वेढा घालायचा ठरवला कारण गावात विहीर एकच, दोन दिवसांत तहानेनं गाव हातात येईल असा हिशोब, म्हणून सैनिकांनी शिधा पाच दिवसांचाच बरोबर घेतला. सर्टोरियसनं काय केलं तर पाण्यानं भरलेल्या २,००० पखाली, प्रत्येक पखालीमागं रोख पैसे देऊन, रातोरात डोंगरवाटेनं गावात पोचवल्या, आणि वर म्हातारीकोतारी माणसं गावाबाहेर काढायला लावली म्हणजे पाणी पुरेल. आता उपाशी मरायची पाळी मेटेल्लसची! शिधा आणायला ६,००० माणसं धाडली ती वाटेत ह्यानंच गाठली, काही मारली, काही पकडली.

दुसरीकडं गुहांत राहणारे लोक होते, तिथं चढाई अशक्य. ह्यानं बघितलं की पायथ्याची माती राखेसारखी भुसभुशीत आणि वारं रोज गुहांच्या तोंडावर येतंय. मातीचा ढीग घातला, वारं सुटलं की त्यावर घोडी दौडवली, सगळी धूळ आत, तिसऱ्या दिवशी शरण आले. हत्यार न चालवता!

माझी सगळ्यात आवडती गोष्ट घोड्याच्या शेपटीची. एकदा त्याच्या लोकांनी न ऐकता अंगावर धावून जाऊन मार खाल्ला. ह्यानं सगळ्यांसमोर दोन घोडे आणवले, एक मरतुकडा, एक तगडा. मरतुकड्याची शेपूट एक पैलवान दोन्ही हातांनी ओढत बसला, काही झालं नाही, आणि तगड्याची शेपूट एका किरकोळ माणसानं एकेक केस उपटत पूर्ण मोकळी केली. बलाढ्य रोमशी असंच लढायचं, हे त्या डोंगरी लोकांना भाषणापेक्षा लवकर कळलं असणार.

पण हे सगळं ज्यानं लिहून ठेवलं तो ग्रीक चरित्रकार प्लुटार्क काही लपवत नाही, आणि तिथंच माझा जीव अडकतो. स्पेनमधल्या ओस्का गावी सर्टोरियसनं तिथल्या सरदारांच्या पोरांसाठी शाळा काढली, ग्रीक-रोमन विद्या, फी हा भरणार, बक्षिसं हा देणार, आईबाप हरखून गेलेले. खरं ती पोरं ओलीससुद्धा होती. शेवटी पाँपे (रोमनं धाडलेला दुसरा सेनापती) आणि मेटेल्लसनी दोन्हीकडून दाबलं, माणसं फुटायला लागली, तेव्हा ह्यानं त्यातली काही पोरं मारली, काही गुलाम म्हणून विकली. ह्याला माझ्याकडं माफी नाही. त्याची हिंमत आणि हे पाप दोन्ही एकाच माणसाचं, आणि आपण थोरांच्या गोष्टी सांगताना असलं पान गुपचूप फाडतो ते मला अजिबात पटत नाही.

त्याला रोमनं हरवलं नाहीच. इंग्रजांशी लढून आपल्या नंदगडला १८३१ मध्ये फासावर गेलेला संगोळ्ळी रायण्णा फितुरीनं सापडला, तसंच इथं. पेर्पेर्ना नावाच्या त्याच्याच सरदारानं जेवणाच्या बैठकीत त्याला मारलं आणि स्वतः सेनापती होऊन पहिल्याच झटक्यात पाँपेकडून हरला. पकडल्यावर जीव वाचवायला सर्टोरियसचे कागद पुढं केले, त्यात रोममधल्या बड्या बड्या लोकांची गुप्त पत्रं होती. पाँपेनं एकही पत्र न वाचता सगळी जाळली, आणि पेर्पेर्नाला मारून टाकलं. ती पत्रं वाचली गेली असती तर रोममध्ये सुल्लाच्या वेळेसारख्या परत मारायच्या माणसांच्या याद्या आणि परत मुंडकी. पाँपे मला कधी फारसा आवडला नाही, खरं ह्या एका कामासाठी मी त्याला मानतो.