पुरात भिजलेले स्पीकर आणि सागवानाचं विनियर

२ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला पूर आला तेव्हा आम्ही भांडी बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायचो, तळमजल्यावर. दरवर्षी पाणी चढलं की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत लागलं ते बघून यायचं हा नाशिककरांचा ठरलेला कार्यक्रम, पण त्या दिवशी मारुती बघायला जायला वेळच मिळाला नाही, पाणी स्वतःच घरी आलं. गाद्या, कागदपत्रं, देव वर नेले. बाबांचे दोन मोठे स्पीकर खालीच राहिले. पाणी चारच बोटं होतं, वूफर, म्हणजे आतला बेसचा मोठा गोल स्पीकर, त्याच्या वर राहिला म्हणून वाचला, पण खोके मात्र खालून बिस्किटासारखे फुगले.

बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, १९८४ साली ओव्हरटाइमच्या पैशातून ही जोडी घेतलेली. नंतर आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो तरी स्पीकर माळ्यावर पडून होते आणि दर दिवाळीच्या साफसफाईला बाबा म्हणायचे टाकून दे रे ते, आणि दरवेळी त्यांचाच हात जायचा नाही. मागच्या दिवाळीनंतर मी ते खाली काढले आणि ठरवलं की आता पूर्ण करायचंच. तीन महिने लागले, तेही फक्त शनिवार-रविवार धरून.

आधी एक गोष्ट सांगतो कारण बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. विनियर म्हणजे लाकडाचा छाप मारलेला कागद नाही, ते खरं लाकूड असतं. सागाच्या ओंडक्यातून साधारण अर्ध्या मिलीमीटरचा पापुद्रा काढतात, तोच. आमच्या स्पीकरवर मूळचं जे होतं तो मात्र छापच होता, प्लॅस्टिकचा, वुडग्रेन छापलेला आणि आत भुश्याचा दाबलेला बोर्ड. हा बोर्ड पाणी प्यायला की फुगतो आणि वाळला तरी परत बसत नाही, हे मला कळायला दोन शनिवार गेले.

स्पीकर उघडताना पहिलं काम म्हणजे वायर काढायच्या आधी फोटो काढा, आणि वूफरच्या कुठल्या टोकाला प्लस होतं ते पेनाने लिहून ठेवा. खूण पुसली असेल तर दीड व्होल्टचा सेल घ्यायचा, क्षणभरच लावायचा, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन, म्हणजे वूफरचा हलणारा पडदा, बाहेर सरकतो. दोन स्पीकरपैकी एकाची वायर उलटी लागली तर दोघांचा बेस एकमेकांना खातो आणि माणूस उगाच विनियरला दोष देत बसतो. वूफर काढला आणि आत बॅटरी मारली तर खालच्या फळीवर गोदावरीचा गाळ, एकदम बारीक, राखाडी, वाळून भेगा पडलेला, आणि चारी बाजूंना एका उंचीवर पाण्याची रेघ. मी बाबांना हाक मारली. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले, बराच वेळ आत बघत राहिले आणि म्हणाले, “एवढंच होतं होय पाणी? मला वाटलं होतं जास्त होतं.”

जुना प्लॅस्टिकचा थर हेअर ड्रायरने गरम करून पुट्टीच्या पत्तीने सोलला, कोपऱ्यापासून सुरुवात केली की लांब पट्टे निघतात. काही जण म्हणतात जुन्या थरावरच विनियर चिकटवा. माझं स्पष्ट मत आहे की नका, कारण तो थर स्वतःच सुटत चाललेला असतो आणि तुमचं महागाचं विनियर त्याच्या भरवशावर राहतं. फुगलेला भाग पत्तीने खरवडला, जे भुसभुशीत होतं ते सगळं काढून टाकलं, राहिलेल्या भागात पातळ केलेला फेविकॉल ब्रशने जिरवला आणि शिकंजे लावून दोन दिवस दाबून ठेवलं. मग खड्डे भरायला गाडीच्या डेंटिंगवाले वापरतात ती हार्डनर मिसळायची पुट्टी, मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजवाल्या दादांनी डब्यातली थोडी काढून दिली. ही पुट्टी दहा-पंधरा मिनिटांत आवळते म्हणून थोडी थोडीच कालवायची. वाळल्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासलं. नुसत्या हाताने घासलं तर बोटांच्या खाली खळगे पडतात आणि अर्ध्या मिलीमीटरच्या पापुद्र्यातून प्रत्येक खळगा दिसतो, तोही पॉलिश झाल्यावर, म्हणजे काही करता येत नाही तेव्हा. सगळ्या कामातला निम्म्याहून जास्त वेळ इथेच गेला आणि माझ्या मते तो इथेच जायला हवा.

विनियर मिळवणं हा वेगळाच विषय. प्लायवूडच्या दुकानांत सगळीकडे ४ मिलीच्या प्लायवर चिकटवलेलं ८ बाय ४ चं शीट दाखवतात, ते कपाटाच्या दाराला छान पण स्पीकरच्या कडेला त्या प्लायची जाडी उघडी दिसते. मला प्लायशिवायची नुसती पानं, म्हणजे सुटे पापुद्रे, हवी होती. शेवटी पंचवटीत एक म्हातारे सुतारकाका आहेत, जुन्या वाड्यांची दारं-खिडक्या दुरुस्त करतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कोपऱ्यातून पानांचा गठ्ठा काढला, सागवानी, आठ फूट लांब पण रुंदीला सातच इंच. माझ्या स्पीकरची बाजू अकरा इंच. मी म्हणालो काका रुंद नाही का, तर म्हणाले, “अरे दोन पानं जोडायची. पण एक कर, गठ्ठ्यातली एकामागोमाग एक पानं घे, मधलं पान कोणाला देऊ नको, आणि नंबर टाक.” एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेल्या पानांच्या रेषा जवळजवळ सारख्याच असतात, म्हणून दोन्ही स्पीकर एकाच गठ्ठ्यातून केले तरच ती जोडी दिसते. मी आठ पानं घेतली आणि खडूने १ ते ८ लिहिलं.

जोड देण्याच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे पुस्तक उघडल्यासारखं, दुसरं पान उलटं करून शेजारी ठेवायचं म्हणजे मधोमध आरसा धरल्यासारखी नक्षी तयार होते. दुसरी म्हणजे पान न उलटता नुसतं शेजारी सरकवायचं. मला पुस्तकवाली पद्धत आवडली होती, पण काकांनी एका जुन्या फळीवर दाखवलं की उलटं केलेलं पान पॉलिश वेगळं पितं. पापुद्रा काढताना पात्याकडच्या बाजूला बारीक बारीक चिरा पडतात, दुसरी बाजू घट्ट राहते, त्यामुळे खिडकीच्या एका बाजूने बघितलं की डावं पान गडद, दुसऱ्या बाजूने बघितलं की उजवं गडद. मी तीन-चार वेळा इकडून तिकडे फिरून बघितलं, खरंच बदलतं. पुढच्या बाजूला हे मला नको होतं म्हणून सरकवून जोडलं.

आता चिकटवणं. पहिल्या स्पीकरची मागची बाजू मी रबर बेसच्या गोंदाने केली, दोन्हीकडे लावायचा, हाताला चिकटेनासा झाला की टेकवायचं आणि टेकवलं की संपलं, सरकवता येत नाही. ते बसलं छान पण ट्रायल म्हणून वर थिनरवालं पॉलिश मारलं तर चार दिवसांनी फुगे आले, थिनर पातळ पानातून खाली गोंदापर्यंत पोचतो. तिथून पुढे सगळं साध्या पांढऱ्या फेविकॉलने आणि इस्त्रीने केलं. बोर्ड गोंद पितो म्हणून त्याला दोन हात, पानाच्या मागे एक हात, आणि पान गोंद लागल्या लागल्या पापडासारखं वळतं म्हणून वरच्या बाजूला पाण्याचा हलका फवारा मारायचा म्हणजे सरळ राहतं. दोन्ही वाळू द्यायचे, गोंद पांढऱ्याचा पारदर्शक झाला की तयार. मग पान ठेवायचं, वर सुती कापड, इस्त्री कॉटनवर, वाफ बंद, आणि मधून बाहेरच्या दिशेने हळू हळू. उष्णतेने वाळलेला गोंद परत मऊ होतो आणि दोन्ही थर एक होतात. इस्त्री पुढे गेली की लगेच मागून लाकडी ठोकळा दाबून धरायचा थंड होईपर्यंत. मी आईचं लाटणंही वापरलं कडांना.

इस्त्रीचा एक तोटा आहे, गरम झालं की पान रुंदीला आकसतं आणि दोन पानांच्या जोडात केसाएवढी फट पडते. माझ्या डाव्या स्पीकरच्या एका बाजूला पडली आहे, मला रोज दिसते. उजव्याला मी आधी पानं कोरडीच इस्त्री करून घेतली आणि मग जोड कापला, तिथे फट नाही. कापताना ब्लेड नवं, कापायच्या रेषेवर मास्किंग टेप, आणि एका झटक्यात नाही तर सात-आठ हलक्या हातांनी, नाहीतर ब्लेड लाकडाच्या रेषेबरोबर भरकटतं. क्रम असा ठेवला की आधी मागची बाजू, मग दोन्ही बाजू, मग वरची, शेवटी समोरची, म्हणजे समोरच्या पानाची कड बाजूच्या कडेला झाकते. प्रत्येक पान चारी बाजूंनी पाव इंच मोठं आणि वाळल्यावर जादा भाग ठोकळ्याने घासून काढायचा, फक्त आतल्या दिशेला घासत. बाहेर ओढलं की कपची उडते. ठोकून बघायचं, जिथे पोकळ आवाज येतो तिथे ब्लेडने रेषेच्या दिशेने बारीक चीर द्यायची, सिरिंजने फेविकॉल सोडायचा, परत इस्त्री.

पॉलिशला मी चपडीच घेतली, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळणारी लाख. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, जास्त टिकतं हे मान्य, पण घरात त्याचा वास सहन होत नाही आणि चपडीवर ओरखडा आला तर तेवढ्याच जागी परत हात मारता येतो. एक लिटर स्पिरिटला साधारण २०० ग्रॅम चपडी, रात्रभर भिजवून गाळून घेतली. कापसाचा बोळा, त्यावर बाबांच्या जुन्या धोतराचं कापड, आणि हात न थांबवता लांब लांब. आधी विनियर १८० आणि मग २२० ने अगदी हलकं घासलं होतं, कडांना तर जवळजवळ नाहीच, तिथे पान घासून खालचा बोर्ड उघडा पडायला दोन हात पुरतात. रोज तीन-चार हात, असे सहा दिवस. हे काम पावसाळ्यात करू नका, हवेत ओल असली की चपडी पांढुरकी होते. डिसेंबर-जानेवारीतली आपली कोरडी थंडी याला उत्तम, फक्त सकाळी फार गार असताना नको, ऊन वर आल्यावर. पहिला हात पडला तेव्हा फिकट मातकट पान एकदम मधासारखं झालं आणि बाबा शेजारी स्टूल घेऊन बसले ते उठलेच नाहीत.

परत जोडताना वूफरच्या मागे नवीन फोमची पट्टी लावली. हे स्पीकर बंद खोक्याचे आहेत, आतली हवाच स्प्रिंगसारखी काम करते, कुठून हवा गळली की बेस ढिला होतो. तपासायला कोन बोटांनी अगदी हळू आत ढकलायचा, सावकाश परत आला तर खोकं हवाबंद आहे. डावा परत आला सावकाश, उजवा पटकन आला, मग खालच्या पुट्टीच्या जागी आतून एक फट सापडली ती बुजवली. आतली पाण्याची रेघ बाबांनी पुसू दिली नाही, ती तशीच आहे.

सध्या आईशी एकच वाद चालू आहे. सागवान उजेडाने हळूहळू गडद होतं, आणि वर काही ठेवलं तर त्याच्याखालचा भाग फिकट राहतो. आईने पहिल्याच दिवशी उजव्या स्पीकरवर आजोबांचा फोटो ठेवला, क्रोशाच्या रुमालासकट. मी सांगितलं सहा महिने थांब, रंग एकसारखा होऊ दे, मग ठेव. फोटो आता टीव्हीच्या बाजूला आहे आणि ती रोज विचारते किती महिने झाले.