तुम्ही विचारलंत म्हणून: बंड्याला एक घासही का नाही?

आमच्या घरी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा हा प्रश्न विचारतो: "एवढ्याशा घासाने त्याला काय होतंय?" घास कधी कुंद्याचा असतो, कधी तूप लावलेल्या पोळीचा आणि रविवारी हमखास मटणाच्या चरबीचा. मी नको म्हटले की कंजूष ठरतो, शिवाय कुत्र्याचे नसते लाड करणाराही ठरतो. दोन्ही एकाच वेळी कसे, हे मला कुणी सांगितलेले नाही.

गावी बऱ्याच वर्षांनी लक्ष्मी यात्रा भरली होती. बेळगाव तालुक्यात ग्रामदेवीची यात्रा म्हणजे घरोघरी पाहुणे आणि मटणाच्या पंगती, हे तुम्हाला सांगायला नको. दुपारी एका नातलगाने पंगतीतली उरलेली चरबी गोळा करून बंड्यापुढे ठेवली आणि मी धावेपर्यंत ती संपलीही. रात्री उलट्या सुरू झाल्या. आधी अन्न, मग नुसते पिवळे पित्त. पहाटे तो अंगणात पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून आणि मागचा भाग वर उचलून थिजल्यासारखा उभा राहिला. "देवीला नमस्कार घालतोय," असे कुणीतरी म्हणाले आणि सगळी ओसरी हसली. पोटातली कळ असह्य झाली की कुत्री असा पवित्रा घेतात. एकाने माणसांची वेदनाशामक गोळी आणली, ती मी त्याच्या हातातून हिसकावून घेतली, कारण आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना घातक ठरू शकते. त्या हिसकावण्याचा राग अजून काहींच्या मनात आहे, असू दे.

शहरात डॉक्टरांनी पोटाला हात लावताच बंड्या कण्हला. त्याच्या पायावरचे केस भादरून सलाईन लावले, उलटी थांबवणारे आणि वेदना शमवणारे औषध दिले. स्वादुपिंडाच्या लायपेझची, म्हणजे चरबी पचवणाऱ्या विकराची (एन्झाइमची), रक्तचाचणी आणि सोनोग्राफी झाल्यावर स्वादुपिंडाचा दाह असल्याचे निदान झाले. जी विकरे आतड्यात पोहोचल्यावर कामाला लागायची, ती ग्रंथीतच जागी होऊन ग्रंथीलाच पचवू लागतात, असा हा आजार आहे. घरच्या वडीलधाऱ्यांनी लंघनाचा आग्रह धरला. पूर्वी डॉक्टरही कुत्र्याला उपाशीच ठेवत. आता मात्र उलट्या आटोक्यात आल्या की लवकरात लवकर थोडे थोडे, कमी चरबीचे अन्न सुरू करतात. आमचाही मऊ भात आणि कातडी काढलेल्या उकडलेल्या कोंबडीचे तंतू तिथेच सुरू झाले.

त्या दिवशी मी नातलगाला चारचौघांत दोष दिला होता. आज तितक्याच ठामपणे देईन का? गल्लीतली कुत्री तेच खाऊन ठणठणीत होती, आणि बहुतेक वेळा या आजाराचे नेमके कारण सापडतच नाही, असे डॉक्टरांनीच सांगितले. बंड्या कॉकर स्पॅनिअल, म्हणजे या आजाराकडे झुकणाऱ्या जातीचा, त्यातून वजनदार. कदाचित ते व्हायचेच होते. तरीही शब्द मागे घ्यावेत असे वाटत नाही, कारण एकदा दुखावलेले स्वादुपिंड पुन्हा भडकू शकते आणि वारंवार भडकल्यास मधुमेहापर्यंत मजल जाते. तुमच्या घासाने काही होणार नाही, हे खरेही असेल. पण ते पडताळून पाहण्यासाठी मी त्याचे पोट देणार नाही.

फ्रिजमध्ये उकडलेल्या भोपळ्याच्या फोडी असतात. लाड करायचेच असतील तर त्यातली एखादी द्या, तीही मला विचारून.