आमची वाटचाल : दिवाडीतल्या चार खोल्या

"चार खोल्यांत कसला धंदा?" 2011 साली घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला काढल्या, तेव्हा प्रत्येकानं हेच विचारलं. त्यात दिवाडी म्हणजे गोव्यातलं, मांडवी नदीतलं बेट. जुने गोवे, रायबंदर, नार्वे, कुठूनही या, फेरीबोट आहेच. शेवटची बोट चुकली की पाहुणा पलीकडच्या धक्क्यावरून फोन करून मलाच झापतो.

घर पणजोबांचं. चिऱ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, पुढे बल्कांव, म्हणजे बसायला बाक असलेला दारापुढचा ओटा. खिडक्यांना काच नाही. तळहाताएवढे शिंपले तासून लाकडी पट्ट्यांत बसवलेले. दुपारी खोलीत दुधासारखा उजेड पडतो. पटाशी नि बारीक कानस घेऊन हे काम मी स्वतः शिकलो. एक शिंपला बसेपर्यंत तीन फुटतात.

सुरुवातीला भागीदार होता. मंगलोरी कौलं काढून पत्रे घालू, सिमेंटनं भिंती चकचकीत करू, असा त्याचा धोशा. (चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासू नका हो. ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात.) मी ऐकलं नाही. तो गेला, जाताना पाहुण्यांची वहीही घेऊन गेला. नदीपलीकडे त्यानं 'हेरिटेज' थाटलं. जिना काँक्रीटचा, खिडक्यांत प्लॅस्टिकचे शिंपले! ओटीएवर, म्हणजे ऑनलाइन बुकिंगच्या साइटवर, मात्र तो माझ्या वर दिसतो.

मधली वर्षं बरी गेली.

मग 2020 ची टाळेबंदी. सगळी बुकिंग रद्द, आगाऊ रकमा परत. जेमतेम सावरतोय तोवर 16 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ. वर्षाची कौलं परतायची तेवढी राहिली होती. माड आडवा झाला तो थेट मागच्या पडवीवर. आढं मोडलं, वासे खाली, दोन खोल्यांत आभाळ. वीज नाही, सुतार मिळेना, आणि पाऊस तीन आठवड्यांवर.

पुण्याच्या एक निवृत्त शिक्षिका दर जूनमध्ये येतात, बल्कांवात बसून नुसता पाऊस बघतात. त्यांचा फोन आला. "अहो, खोली राहू दे. आधी छप्पर घाला." पुढच्या तीन वर्षांचं भाडं त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवलं. त्यांच्या खोलीचा दर मी अजून वाढवलेला नाही. ओटीएच्या कमिशनवर जगणाऱ्यांनी असं एक तरी माणूस जपावं, फोनवर, नावानिशी.

गेल्या चैत्रात जुन्या भागीदाराचा माणूस आला. खरे शिंपले उरले असतील तर विकत देता का, म्हणाला. माळ्यावर दोन खोकी आहेत. नाहीत म्हणून सांगितलं.