प्लेटवर झोन मोठा, नळीत आकडा नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो: "स्टार्च अगारवर आमच्या बॅसिलसचा झोन मस्त आला. तोच जीवाणू फ्लास्कमध्ये वाढवला, सेंट्रीफ्यूज करून वरचा द्रव घेतला, डीएनएस केलं, तर अमायलेज जवळजवळ नाहीच. स्ट्रेन बदलू की मीडियम?" (अमायलेज म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, झोन म्हणजे आयोडीन ओतल्यावर वसाहतीभोवती दिसणारं स्वच्छ वर्तुळ, डीएनएस म्हणजे तुटून निघालेली साखर रंगाने मोजायची चाचणी, स्ट्रेन म्हणजे जीवाणूचा वाण आणि मीडियम म्हणजे तो वाढवायचा पोषक द्रव.)

आधी दोन्ही राहू द्या. अशा तक्रारींमध्ये बऱ्याचदा एन्झाइम फ्लास्कमध्ये असतं, ते मोजताना हरवतं. म्हणून मीडियमला हात लावण्याआधी मोजणीची पद्धत, म्हणजे अ‍ॅसे तपासायची.

प्लेट आणि नळी मुळात एकच गोष्ट मोजत नाहीत. आयोडीनचा निळा रंग येतो तो अमायलोजच्या लांब, वळलेल्या साखळीत आयोडीन अडकतं म्हणून. अल्फा-अमायलेज साखळी मधूनच तोडतं. हजार ग्लुकोजची साखळी दहा-दहाच्या तुकड्यांत तुटली की रंग संपला आणि प्लेटवर स्वच्छ वर्तुळ दिसलं. डीएनएसला मात्र तुकड्यांची क्षपणकारी (डीएनएसचा रंग बदलवणारी) टोकं दिसतात, आणि या हिशेबात हजारातले जेमतेम शंभर बंध तुटलेले असतात. शिवाय प्लेट म्हणजे दोन दिवसांची शिल्लक आणि नळी म्हणजे दहा मिनिटांची कमाई. झोनचा व्यास एन्झाइमच्या प्रमाणात सरळ वाढतही नाही, आणि अगारचा थर पातळ असला की झोन फुगतो. तेव्हा झोनवरून शंभर वसाहतींतल्या दहा निवडाव्यात, त्या दहांची क्रमवारी लावू नये. (आयोडीन ओतल्यावर वसाहत मरते, त्यामुळे आधी दुसऱ्या प्लेटवर तिची नक्कल काढून ठेवा. हे सांगायला नको खरं, पण सांगावं लागतं.)

आता नळीकडे. नेहमीची मांडणी अशी: बफरमधलं (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातलं) १ टक्का विद्राव्य स्टार्च ०.५ मिली, एन्झाइम ०.५ मिली, ठरलेल्या तापमानाला १० मिनिटं, मग १ मिली डीएनएस, उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, गार करून ८ मिली पाणी, आणि ५४० नॅनोमीटरला प्रकाशाच्या शोषणाचं वाचन. यात सगळ्यात जास्त घोळ ब्लँकचा, म्हणजे जिचं वाचन वजा करायचं त्या तुलनेच्या नळीचा, होतो. कल्चरच्या द्रवात उरलेली साखर असते, स्टार्चचे आधीच तुटलेले तुकडे असतात, यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधले क्षपणकारी पदार्थ असतात. हे सगळे डीएनएसला रंग देतात. नुसत्या पाण्याचा ब्लँक लावला तर नसलेलं एन्झाइम दिसतं. ब्लँक बरोबर लावला, पण त्याचंच वाचन ०.९ आलं, तर दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत खरं एन्झाइम बुडून जातं.

बरोबर ब्लँक म्हणजे शून्य मिनिटांची नळी: स्टार्च, त्यावर आधी डीएनएस, आणि मग एन्झाइम. डीएनएसमधल्या अल्कलीमुळे एन्झाइम तिथेच थांबतं, बाकी सगळं तेवढंच राहतं. "एन्झाइम उकळून ब्लँक केला" हे वाक्य अहवालात दिसलं की मी थांबतो. बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचं अमायलेज उद्योगात १०० अंशांच्या वर स्टार्च पातळ करायला वापरतात. तुमचा जीवाणू त्याच्या जवळचा असेल तर दहा मिनिटं उकळलेला ब्लँक चक्क काम करत राहील, आणि त्याला वजा करून तुम्ही स्वतःचंच एन्झाइम खोडाल.

ब्लँकचं वाचन जास्त असेल तर साखर काढून टाका. डिसॉल्टिंग कॉलम (लहान रेणू प्रथिनापासून वेगळे करणारी नळी) सगळ्यात जलद. नाहीतर १२ ते १४ किलोडाल्टनच्या पिशवीत डायलिसिस, म्हणजे त्याहून लहान रेणू पिशवीबाहेर जाऊ देणं. बॅसिलसची बहुतेक अल्फा-अमायलेजं ५५ किलोडाल्टनच्या आसपास असतात, त्यामुळे ती आत राहतात. पण डायलिसिस नुसत्या पाण्याविरुद्ध करू नका, बफरमध्ये २ ते ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड ठेवा. या एन्झाइमची घडी कॅल्शियमवर टिकते. डायलिसिसची नळी सोडियम बायकार्बोनेट आणि ईडीटीएमध्ये उकळायची जुनी पद्धत आहे. ती पाळा, पण नंतर नळी भरपूर धुवा. मागे राहिलेलं ईडीटीए कॅल्शियम पळवतं आणि दोष स्ट्रेनवर जातो. सायट्रेट बफरही कॅल्शियम धरून ठेवतो, फॉस्फेट त्याचा साका करतो. पीएच ५ ते ५.५ला अ‍ॅसिटेट आणि ७ ते ८ला हेपिस बफर घेतला तर हा प्रश्नच उरत नाही. ट्रिस बफर वापरणार असाल तर पीएच प्रत्यक्ष अ‍ॅसेच्या तापमानाला लावा, कारण तो दर अंशामागे सुमारे ०.०३ने उतरतो: २५ अंशांना लावलेला ८.० हा ६० अंशांना ७च्या आसपास असतो. (सेल्युलेजवर काम करणाऱ्यांसाठी जाता जाता: डायलिसिसची नेहमीची नळी सेल्युलोजचीच असते. तुमचं एन्झाइम ती खातं.)

दुसरा सापळा उलट दिशेचा आहे: एन्झाइम फार जास्त असणं. नळीत स्टार्च आहे फक्त ५ मिलिग्रॅम. त्यातलं १० टक्क्यांहून जास्त तुटलं की वेग मंदावतो आणि तुम्ही वेग मोजत नसता, उरलेल्या स्टार्चची टंचाई मोजत असता. म्हणून तोच नमुना १० पट, २० पट आणि ४० पट पातळ करून लावा. गुणून आलेले आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांत असले तर त्यांच्यावर विश्वास ठेवा. पातळ करत जाल तसा गुणलेला आकडा वाढत गेला तर एकतर स्टार्च संपत होतं किंवा द्रवात एन्झाइमला अडवणारं काही आहे. कुठलं ते ओळखायला २, ४, ६, ८ आणि १० मिनिटांच्या नळ्या लावा. अडवणारा पदार्थ असेल तर रेषा सहसा सरळ येते पण चढ कमी असतो. स्टार्च संपत असेल तर ती सुरुवातीला चढते आणि मग वाकते.

हिशेब एकदा हाताने करून पाहा. समजा नमुना २० पट पातळ केला होता आणि ब्लँक वजा करून ग्राफवरून नळीत ३६० मायक्रोग्रॅम ग्लुकोज निघालं. भागिले १८० (ग्लुकोजचा रेणुभार), म्हणजे २ मायक्रोमोल. १० मिनिटांनी भागून ०.२, एन्झाइमच्या ०.५ मिलीने भागून ०.४, आणि २०ने गुणून ८ युनिट प्रति मिली (इथे एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल ग्लुकोज). ३६० मायक्रोग्रॅम म्हणजे ५ मिलिग्रॅमचे ७ टक्के, त्यामुळे हा आकडा चालेल. हाच नमुना पातळ न करता लावला असता तर शोषण वरच्या टोकाला अडकलं असतं आणि २०ने गुणणंही नाही, म्हणजे उत्तर ८च्या कितीतरी खाली आलं असतं. "एन्झाइम नाही" म्हणणाऱ्या अनेक वह्यांत नेमकं हेच असतं. माल्टोजचा स्टँडर्ड (माहीत प्रमाणाच्या साखरेच्या तुलनेच्या नळ्या) लावलात तर भागाकार ३४२ने करा, आणि युनिट कशाचं आहे ते शेजारी लिहा.

स्टँडर्डबद्दल थोडकंच. डीएनएस फार कमी ग्लुकोजला रंगच देत नाही, त्यामुळे रेषा शून्यातून जात नाही. तिला ओढून शून्यातून नेऊ नका, नाहीतर खालचे नमुने दरवेळी चुकतील. स्टँडर्डच्या नळ्यांत तोच बफर हवा आणि त्या नमुन्यांबरोबरच उकळायला हव्यात. एकदम वीस नळ्या ठेवल्या की पाण्याची उकळी मोडते, आणि ती परत येईपर्यंतचा वेळ सगळ्यांना सारखा मिळायला हवा. रिएजंटसाठी १ ग्रॅम डीएनएस २० मिली २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा, पाणी घाला, ३० ग्रॅम सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट थोडं थोडं टाका आणि १०० मिली करा. गडद बाटली, घट्ट झाकण.

एवढं करूनही आकडा आला नाही तरच फ्लास्ककडे वळा. तिथे पहिला संशयित ग्लुकोज. बॅसिलसला ग्लुकोज मिळालं की अमायलेजचं जनुक दबतं. प्लेटमध्ये ग्लुकोज नव्हतं. फ्लास्कमध्ये "वाढ चांगली व्हावी" म्हणून १ टक्का घातलं असेल तर ते काढा आणि स्टार्च ठेवा. दुसरा संशयित हवा. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिलीच मीडियम घ्या, १५० ते १८० फेऱ्यांवर, कापसाच्या बोळ्यासकट. १५० मिली भरलं तर पेशी ऑक्सिजनसाठी तडफडतात. तिसरी गोष्ट वेळ. अमायलेज साधारण वाढीच्या शेवटी आणि त्यानंतर बाहेर येतं, पण त्याच सुमाराला प्रोटिएजही (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) येतात आणि त्याला तोडू लागतात. फक्त ४८ तासांचा एक नमुना घेतलात तर शिखर निघून गेलेलं असू शकतं. दर ६ तासांनी १ मिली काढा, लगेच ४ अंशांना १०,००० जीवर (गुरुत्वाच्या तितक्या पट जोरावर) १० मिनिटं फिरवा आणि त्याच दिवशी मोजा. वहीत फेऱ्यांऐवजी जी लिहा, रोटर बदलला की फेऱ्यांना अर्थ उरत नाही.

पुढे अमोनियम सल्फेटने एन्झाइमचा साका केलात आणि एकूण युनिट मूळ द्रवाच्या १३० टक्के आले तर घाबरू नका, लपवूही नका. द्रवातला अडवणारा पदार्थ मागे राहिला असेल, किंवा मूळ द्रवाची मोजणी वर सांगितलेल्या कारणांपैकी एकाने कमी आली असेल. मूळ नमुना पुन्हा पातळ करून लावला की बहुधा कळतं. ८० टक्के संपृक्ततेसाठी लिटरमागे ० अंशांना ५१६ ग्रॅम लागतं आणि २५ अंशांना ५६१, तेव्हा तक्ता तुमच्या तापमानाचाच घ्या. आणि विशिष्ट अ‍ॅक्टिव्हिटी (मिलिग्रॅम प्रथिनामागे युनिट) काढताना प्रथिन ब्रॅडफर्डच्या पद्धतीने मोजलं की लोरीच्या हे लिहाच: मीडियममधल्या पेप्टोनचे छोटे पेप्टाइड (प्रथिनाचे तुकडे) लोरीला दिसतात, ब्रॅडफर्डला जवळजवळ दिसत नाहीत, त्यामुळे एकाच द्रवाचे दोन आकडे येतात आणि शुद्धीकरण किती पट झालं तेही बदलतं.