ब्रुकलिनचा डान्सआफ्रिका : मुलांना घेऊन जाणार असाल तर

मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे. त्या लाँग वीकेंडला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये, म्हणजे सगळे ज्याला 'बॅम' म्हणतात त्या थिएटरमध्ये, डान्सआफ्रिका हा आफ्रिकन नृत्याचा महोत्सव भरतो. नृत्यदिग्दर्शक चक डेव्हिस यांनी १९७७ साली तो सुरू केला. दरवर्षी पाहुणा देश बदलतो. २०१९ साली रवांडा होता, म्हणजे पूर्व आफ्रिका. जेंबे हा हाताने वाजवायचा ढोल पश्चिम आफ्रिकेतला. मुलांना तोच दाखवायचा असेल तर तिकीट काढण्याआधी यंदाचा देश बघून घ्या.

न्यू जर्सीहून गाडी नेऊ नका. पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटर, तिथून चालत फुल्टन स्ट्रीट, मग २, ३, ४ किंवा ५ नंबरच्या ट्रेनने अटलांटिक अव्हेन्यू. पुढे थिएटर चालत पाच-सात मिनिटांवर.

लहान मुलं असतील तर बाल्कनी टाळा, ती फार उभी आहे. खालची, ढोलवाले दिसतील अशी जागा घ्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे. आम्ही गेलो तेव्हा नाचणाऱ्यांच्या रांगेतून एक मुलगी पुढे आली, तसा मुख्य जेंबेवाला तिच्यासमोर सरकला. त्याची नजर तिच्या पावलांवरून हलेना. ती उसळली की त्याची थाप कडाडायची, ती खाली वाकली की हात हलका व्हायचा. मागे दुनदुनवाले, म्हणजे काठीने वाजवायच्या मोठ्या ढोलांचे वादक, एका हाताने ढोल आणि दुसऱ्या हाताने लोखंडी घंटी वाजवत ठेका धरून होते. मध्येच जेंबेवाल्याने एक ठरलेला तुकडा वाजवला आणि अख्ख्या रांगेचं पाऊल एकदम बदललं. याला 'ब्रेक' म्हणतात. मुलांना आधीच सांगून ठेवा, मग ती प्रत्येक ब्रेकची वाट बघत बसतात. आपल्या ढोल-ताशात ताशेवाला इशारा देतो ना, अगदी तसंच!

स्टेजवरून "आगो!" अशी हाक आली की सगळ्यांनी "आमे!" म्हणायचं. हेही घरीच शिकवून न्या. कार्यक्रमात ब्रुकलिनच्या मुलांचा चमूही नाचतो. आपल्याच वयाची मुलं दिसली आणि आमची दोघं खुर्चीच्या टोकाशी आली.

आवाज मात्र दणदणीत असतो. अगदी लहानग्यांसाठी आवाज अडवणारे हेडफोन न्याच.

बाहेर रस्त्यावर बाजार भरतो : कापड, शिया बटर, दागिने, खाणं. तळलेली केळी शाकाहाऱ्यांना चालतात, पण जोलोफ भात बऱ्याचदा मटण-चिकनच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा विचारूनच घ्या. थोडे रोख पैसे जवळ ठेवा. प्रयोगाचं तिकीट मिळालं नाही तरी या, बाजारात फिरायला पैसे पडत नाहीत.