भांगाचा रविवार

रविवार, माघ वद्य अष्टमी. रात्री, कोथरूड.

मासा नाही. एवढं लिहून वही मिटता आली असती, पण मग दिवसभर केलं काय, हा प्रश्न उरतो आणि तो बायकोनेही विचारून झाला आहे.

पहाटे चांदणी चौक सोडला. मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा. शेखाडीच्या पुढे रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो, तिथल्या कातळावर नऊच्या आत मी, डॉक्टर आणि बँकवाला, तिघेही गळ टाकून बसलो. आमिषाची कोळंबी डॉक्टरने कालच गणेश पेठेतून आणलेली. म्हणजे बर्फात बसून घाट चढलेली कोळंबी आम्ही परत घाट उतरवून समुद्राला दाखवली. उलटी गंगाच!

कालवं काढायला आलेल्या मावशींनी आमच्या बादलीत डोकावून पाहिलं. "भांग हाय आज," म्हणाल्या, "पानी मेलंय. नाय खानार." आणि पलीकडच्या खडकावर ठोकाठोकी करायला बसल्या. तासाभरात त्यांचा डबा अर्धा भरला.

भांग म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसलेले दिवस. बँकवाल्याला हे माहीत होतंच. त्याचा हिशोब तोंडपाठ आहे: तिथीची पाऊणपट काढायची, तो भरतीचा तास. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, बाराला सुकती, संध्याकाळी सहाच्या सुमारास पुन्हा भरती. शिवाय अष्टमीला सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, त्यामुळे पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी कपारींत घुसतं, तळ ढवळतो आणि खाण्याच्या वासाने तांबोशी, हेकरू असे मासे कडेला येतात. पण बँकेला तिथीवर सुट्टी नसते.

दुपारी खडक उघडे पडले आणि खरी करमणूक सुरू झाली. गळ टाकला की अडकला! कातळात अडकलेलं वजन सुटत नाही, दोरच तोडावा लागतो. त्यावर आमचा उपाय असा की शिशाऐवजी जुने स्पार्क प्लग वापरायचे, तेही मुख्य दोरापेक्षा कच्च्या दोऱ्याने बांधून. अडकलं तर प्लग जातो, गळ वाचतो. नाना पेठेतल्या गॅरेजवाल्याकडून पिशवीभर आणले होते, आता मूठभर उरलेत. समुद्राच्या तळाशी आमच्या नावाची एक स्कूटर सहज उभी राहील.

एकदाच दोर खेचला गेला. तिघेही उभे राहिलो. वर आला तो केंड, डॉक्टरच्या हातात पोट फुगवून टम्म. विषारी, त्यामुळे खाण्याचा प्रश्नच नाही. गळ काढेपर्यंत त्याने चोचीसारख्या दातांनी दोर मात्र कचकन तोडला. सोडून दिला. गेला तो तरातरा.

मग बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मला वाटतं आम्ही येतो ते या वेळेसाठी. कर्वे रस्त्यावरच्या हॉटेलात भेटलो की टेबलासाठी ताटकळणारी माणसं आमच्या कपात बघत असतात. तिथे जे बोलायचं ते पटापट, म्हणून बिनमहत्त्वाचंच बोललं जातं. इथे डॉक्टरने दोराकडे बघत अचानक सांगितलं की सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे आणि वडील घर सोडायला तयार नाहीत. सही करत नाहीत, भांडतही नाहीत. रोज सकाळी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालतात आणि पेपर घेऊन बसतात. सगळी सोसायटी याच्या दाराशी येते, वडिलांच्या समोर कुणी जात नाही.

त्यावर कुणीच काही बोललं नाही. दोन पुणेकर समोर बसलेले आणि एकही सल्ला नाही! बँकवाल्याने फक्त त्याच्या गळाला नवी कोळंबी लावून दिली. मी ज्या कातळावर बसलो होतो तो आमच्या जुन्या वाड्याच्या जोत्याचाच काळा दगड, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच लाव्ह्याचा. वाडा पाडला तेव्हा आजोबा जोत्यावर जाऊन बसायचे, हे मी सांगणार होतो. नाही सांगितलं.

चारला आवरलं. भरतीचं पाणी तेव्हा अजून चढतच होतं, पण ताम्हिणी अंधारात नको.

आता ग्रुपवर वाद चालू आहे. पुढच्या रविवारी अमावस्या, म्हणजे उधाण, म्हणजे मासा, असं मी लिहिलं. उधाणात त्या खडकावर बसायचं नाही, वरच्या टप्प्यावरून टाकू, असं डॉक्टर म्हणाला. बँकवाल्याचं उत्तर आत्ता आलं: "आई म्हणते, अमावस्येला घाट उतरायचा नाही."