वहीतला चौथा रकाना

जुलै ते नोव्हेंबर, वीस शनिवार, दर वेळी अडीच तास. दुःखातल्या माणसांना भेटून ऐकून घेण्याचं, आमच्या चर्चच्या मंडळीतलं पन्नास तासांचं प्रशिक्षण सुरळीत झालं. मग एका वहीपायी आम्ही नऊ जण साडेचार महिने अडकलो. ती चीड अजून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

पद्धत मूळची अमेरिकेतली, स्टीफन मिनिस्ट्री. केनेथ हॉक या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, 1975 साली सेंट लुइसमध्ये सुरू केली. ते मानसशास्त्रज्ञही होते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपासाठी सात जण निवडले, त्यांतल्या स्तेफनाचं हे नाव. पाळक एकटे सगळीकडे पुरे पडत नाहीत, म्हणून मंडळीतल्याच माणसाने शिकून एका दुःखी माणसाला आठवड्यातून एकदा, तासभर, महिनोन्‌महिने भेटत राहायचं. बाईने बाईला, पुरुषाने पुरुषाला. बेळगावात मयताच्या दिवशी घर माणसांनी भरतं. तिसऱ्या महिन्यात कुणी फिरकत नाही. माझे यजमान गेले तेव्हा मी हे सोसलंय.

नाताळाआधी आम्हाला या कामावर नेमण्याची, समर्पणविधीची उपासना व्हायची होती. त्याआधीच्या मीटिंगमध्ये मंडळीच्या कमिटीने लाल रेघा मारलेली लांबडी वही पुढे केली. रकाने चार: तारीख, जाणाऱ्याचं नाव, कोणाकडे गेलात आणि ‘अडचणीचे स्वरूप’. दर महिन्याला वही कमिटीपुढे ठेवायची. ‘खोली मंडळीची, पैसा मंडळीचा, मग हिशोब नको?’

आमच्यात निम्मी घरं एकमेकांची सोयरी. सकाळी खानापुरात बोललेलं संध्याकाळपर्यंत कॅम्पात पोचतं. नवऱ्याचं पिणं, मुलीचं मोडलेलं लग्न, कर्ज, हे त्या रकान्यात कोण लिहू देईल? प्रशिक्षणात सगळ्यात घोटून घेतलं होतं ते हेच, की ऐकलेलं बाहेर जाणार नाही. अपवाद एकच: कुणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, तर लपवायचं नाही, आणि तसं पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं.

मी तीन अर्ज दिले. पुढची मीटिंग नाताळाच्या मंडपाच्या चर्चेत गेली, त्याच्या पुढचीला कोरम नाही, मग ईस्टरआधीचा उपासकाळ आला. ‘बाई, घाई काय आहे?’ असं मला तोंडावर विचारलं. घाई होती. डिसेंबरात दोन घरांनी ‘कुणीतरी येऊ दे’ असं पाळकसाहेबांना सांगितलं होतं. वहीचं कळताच दोघांनीही नको म्हणून निरोप पाठवला. त्या निरोपांचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी मार्ग सुपरव्हिजनने निघाला. महिन्यातून दोनदा भेटी देणारे सगळे एकत्र बसतात आणि कोणाचंही नाव न घेता आपलं काम तपासतात: मी ऐकतेय की सल्ले देतेय, भेटी चुकतात का. आम्ही सरावाची अशी एक बैठक घेतली आणि कमिटीच्या खजिनदारांना बसवलं. दीड तास ते ऐकत होते. उठताना म्हणाले, ‘हिशोब तर इथेच होतोय की.’ ईस्टरनंतर त्यांनीच शेवटच्या दोन रकान्यांवर पांढरा कागद खळीने चिकटवला. आता तारीख, आपलं नाव आणि पुढे बरोबरची खूण, एवढंच.

तुमच्या मंडळीत सुरू करणार असाल तर गुप्ततेचा ठराव प्रशिक्षणाच्या आधी कमिटीकडून लेखी करून घ्या. आम्ही ते केलं नाही.

आणखी आठवलं ते सांगते. उपासनेनंतर चर्चच्या आवारात भेट ठरवू नका, सगळे बघतात. उसने पैसे देऊ नका. प्रार्थना करू का, हे विचारूनच करा, आणि कुठल्या भाषेत तेही विचारा. आमच्याकडे घरात मराठी बोलणारी कितीतरी माणसं प्रार्थना कन्नडमध्ये करतात. आणि गप्प राहायचा सराव खरंच करा. तीस वर्षं शाळेत शिकवल्याने समोरचं माणूस थांबलं की माझ्या तोंडी उत्तर तयार असायचं. आमच्या प्रशिक्षक बाईंनी घड्याळ लावून मला दोन मिनिटं गप्प बसवलं. दीड मिनिट झाल्यावर समोरची स्वतःहून बोलू लागली. ते मला जमलं, याचा अभिमान आहे.

जूनपासून मी दर बुधवारी चार वाजता एका घरी जाते. कोणाच्या, ते लिहिणार नाही.